घटनांमधला संबंध आणि योगायोग वेगळे कसे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा: बऱ्याच यंत्रांच्या लॉगमध्ये (यंत्रं आपोआप ठेवतात त्या नोंदींमध्ये) मिळून तीनशेच्या आसपास प्रकारच्या घटना नोंदल्या जातात. त्यातल्या कुठल्या घटना एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे मशीन लर्निंगने शोधायचं आहे आणि मोठा बिघाड होण्याआधी त्याची चाहूल मिळवायची आहे. त्यासाठी एलएसटीएम घ्यावं की ट्रान्सफॉर्मर? (क्रमाने येणारा डेटा शिकणारी ही दोन न्यूरल मॉडेलं.)

अशा डेटावर माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधीच सांगतो: कुठलं मॉडेल घ्यायचं हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी हे ठरवा की तुम्हाला कुठल्या प्रकारचा संबंध हवा आहे. दोन घटना सोबत दिसतात, हा एक प्रकार. एक घडली की दुसरी घडण्याचा दर वाढतो, हा दुसरा. आणि पहिली रोखली तर दुसरीही टळते, हा तिसरा. बिघाडाचा अंदाज बांधायला दुसरा प्रकार पुरतो. बिघाड टाळायचा असेल तर तिसरा लागतो आणि तो नुसत्या लॉगमधून सिद्ध होत नाही. बहुतेक प्रकल्प फसतात ते पहिला प्रकार मोजून तिसऱ्याचा दावा केल्यामुळे.

मोजायला सुरुवात करण्याआधी डेटाकडे बघा. लॉगच्या ओळी म्हणजे घटना नव्हेत. ‘अमुक क्रमांकाच्या डिस्कचं तापमान तमुक’ अशा हजार ओळींमधून आकडे काढून टाकले की एकच साचा उरतो. तो साचा म्हणजे घटनेचा प्रकार. हे काम करणारी तयार साधनं आहेत. २०१७मध्ये आलेली ‘ड्रेन’ ही पद्धत आजही भरवशाची आहे. त्यानंतर पुनरुक्ती काढा. एखादं यंत्र दर सेकंदाला तीच तक्रार करत असेल, तर तिची सुरुवात आणि शेवट एवढंच ठेवा. नाहीतर एकाच तक्रारीचे चारशे पुरावे तयार होतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

घड्याळांचंही तेच. टाइमस्टॅम्प (नोंदीवरची वेळ) घटना घडली त्या वेळेचा आहे की नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर पोहोचली त्या वेळेचा, हे विचारून घ्या. एखादी प्रणाली दर पाच मिनिटांनी स्थिती तपासून नोंद करत असेल, तर तिच्या बाबतीत ‘दोन मिनिटं आधी’ या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. कोण आधी आणि कोण नंतर यावर तुमचा सगळा निष्कर्ष उभा राहणार आहे, म्हणून या तपासणीत एक आठवडा गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

आता संबंध शोधण्याकडे येऊ. यातली सगळ्यात परिचित पद्धत म्हणजे असोसिएशन रूल्स, म्हणजे ‘हे दिसलं की तेही दिसतं’ असे नियम. राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९४मध्ये अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी अप्रायोरी अल्गोरिदम दिला. तो मूळचा खरेदीच्या नोंदींसाठी होता. त्यात वेळ नव्हती. वेळेचा क्रम धरून चालणाऱ्या पद्धती लगेच आल्या. हेइकी मन्निला आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मांडलेले ‘एपिसोड’ (थोड्या वेळात एकत्र येणाऱ्या घटनांचे गट) तर टेलिफोन नेटवर्कच्या अलार्मवरच घडवलेले होते, म्हणजे तुमच्याच प्रश्नावर. क्रमाचे नमुने काढणारी प्रीफिक्सस्पॅन ही पद्धतही उपयोगी आहे. या सगळ्या पद्धती वेगवान आहेत, समजायला सोप्या आहेत आणि हजारो नियम हातात देतात. अडचण तिथेच आहे. त्यांचा नेहमीचा निकष म्हणजे कॉन्फिडन्स: ‘अ’ नंतर ‘ब’ किती टक्के वेळा दिसली. हा निकष वारंवार घडणाऱ्या घटनांच्या बाजूने झुकतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी करून दाखवतो, कारण माझं म्हणणं त्यातून लगेच कळेल. समजा, ३० दिवसांच्या लॉगमध्ये ‘अ’ म्हणजे तापमानाचा इशारा १२० वेळा आला. ‘ब’ म्हणजे नेटवर्कची जोडणी क्षणभर तुटणं ३,००० वेळा झालं. आणि ‘क’ म्हणजे डिस्क वाचता न येणं फक्त ३६ वेळा. प्रत्येक ‘अ’नंतरची ५ मिनिटं बघायची असं ठरवलं. १२० गुणिले ५ म्हणजे ६०० मिनिटं तपासणीखाली आली. (‘अ’ घोळक्याने येत असतील तर ही मिनिटं एकमेकांवर चढतात आणि बेरीज कमी होते, इथे तसं नाही असं धरू.) पूर्ण महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. म्हणजे ‘अ’चा ‘ब’शी काडीचाही संबंध नसला, तरी त्या ६०० मिनिटांत सुमारे ४२ वेळा ‘ब’ दिसायला हवी. दिसली ४६ वेळा. ‘क’ मात्र निव्वळ योगायोगाने सरासरी ०.५ वेळा, म्हणजे एकदाही धड नाही, इतकी अपेक्षित होती आणि ती ९ वेगवेगळ्या इशाऱ्यांनंतर दिसली.

कॉन्फिडन्स काढला तर ‘अ’नंतर ‘ब’ सुमारे ३० टक्के वेळा येते (४६पैकी काही ‘ब’ एकाच ‘अ’नंतर आल्या, त्या एकदाच मोजायच्या) आणि ‘क’ ७.५ टक्के. यादीत ‘ब’ वर, ‘क’ खाली. प्रत्यक्षात ‘ब’चा संबंध शून्याच्या आसपास आहे आणि ‘क’ अपेक्षेच्या अठरा पट आहे. तुमच्या कामाचा सगळा ऐवज त्या ७.५ टक्क्यांत होता आणि यादीच्या टोकाकडे बघणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. म्हणून प्रत्येक जोडीसाठी दोन आकडे शेजारी ठेवा: प्रत्यक्ष किती आणि योगायोगाने किती. त्यांच्या गुणोत्तराला लिफ्ट म्हणतात.

पण लिफ्टवरही लगेच विश्वास ठेवू नका. ते ९ प्रसंग महिनाभर विखुरलेले आहेत की एकाच दुपारचे आहेत ते बघा. एकाच दुपारचे असतील तर तो पुरावा नऊचा नाही, एकाचा आहे. शिवाय वरच्या हिशेबात आपण गृहीत धरलं की घटना महिनाभर एकसारख्या पसरलेल्या आहेत. तशा त्या कधीच नसतात. त्या घोळक्याने येतात, रात्रीच्या बॅकअपच्या वेळी वाढतात, सुट्टीच्या दिवशी कमी होतात. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी दोघीही रात्री दोन वाजता वाढत असतील, तर त्या हातात हात घालून चालताना दिसतील.

यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय अगदी साधा आहे. ‘अ’च्या सगळ्या वेळा एकत्र पुढे सरकवा, महिन्याच्या शेवटाबाहेर गेलेल्या सुरुवातीला आणा आणि पुन्हा मोजा. असं हजार वेळा वेगवेगळ्या अंतराने करा. सरकवल्यावर ‘अ’चा आणि ‘ब’चा आपापला घोळका शाबूत राहतो, फक्त त्यांच्यातला वेळेचा दुवा तुटतो. खरा आकडा या हजार आकड्यांच्या बराच वर असेल, तर संबंध विचारात घेण्यासारखा आहे. दिवसाचा ताल सांभाळायचा असेल तर पूर्ण दिवसांच्या पटीत सरकवा. मात्र ३० दिवसांत असे फक्त २९ पर्याय मिळतात आणि तेवढ्यावर ‘निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता फार कमी आहे’ असं काही सिद्ध होत नाही. तेव्हा एक तर जास्त महिन्यांचा डेटा घ्या, नाहीतर प्रत्येक ‘अ’ला स्वतंत्रपणे अर्धा तास मागे-पुढे हलवा. अशा हलवण्याने तासांचा ताल टिकतो आणि मिनिटांची जवळीक मोडते, आणि तुम्हाला तपासायची आहे ती नेमकी हीच जवळीक. मेंदूतल्या पेशींचे विद्युत स्पंद एकमेकांशी जुळलेले आहेत का, हे तपासणारे संशोधकही हीच युक्ती वापरतात.

तीनशे प्रकारांच्या दिशेसह जोड्या ८९,७०० होतात. पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी (योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी हवी) लावली तर काहीही संबंध नसताना सुमारे साडेचार हजार जोड्या पास होतील. म्हणून एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याची दुरुस्ती अनिवार्य आहे. बेंजामिनी आणि हॉचबर्ग यांची १९९५ची पद्धत इथे योग्य बसते: आपण निवडलेल्या जोड्यांमध्ये खोट्यांचं प्रमाण सरासरीने किती चालेल ते आधी ठरवायचं आणि त्यावरून कसोटीची पातळी काढायची. हजार वेळा सरकवल्याने मिळणारी सर्वात लहान शक्यता हजारात एक असते. ८९,७०० जोड्यांत त्या पातळीवर योगायोगानेच नव्वदएक जोड्या येतात. तेव्हा पहिल्या फेरीत वर आलेल्या जोड्यांसाठी सरकवण्याची संख्या लाखाकडे न्या. संगणकाला ते जड नाही.

यातून वाचलेल्या प्रत्येक जोडीचा एक आलेख काढा. मी तर म्हणेन, या सगळ्या उत्तरातलं एकच काही करणार असाल तर हे करा. मध्यभागी शून्य म्हणजे ‘अ’ची वेळ. आडव्या अक्षावर उणे साठ मिनिटांपासून अधिक साठ मिनिटांपर्यंत, प्रत्येक मिनिटात ‘क’ किती वेळा आली त्याचे स्तंभ. फुगवटा फक्त उजवीकडे असेल तर ‘अ’ खरोखर आधी येते आणि अंदाजाला उपयोगी आहे. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर बहुधा दोघींच्या मागे तिसरंच काही कारण आहे. अगदी शून्यावर सुईसारखा एकच उंच स्तंभ असेल तर एकच घटना दोन प्रणालींनी नोंदली आहे. तिथे शिकण्यासारखं काही नाही, दोन्ही नोंदी एक करून टाका. दर पंधरा किंवा साठ मिनिटांनी कंगव्यासारखे दात दिसत असतील तर वेळापत्रकाने चालणारं एखादं काम मध्ये आहे. फुगवटा कुठे संपतो त्यावरून पुढच्या मॉडेलमध्ये किती मागे बघायचं तेही ठरतं. एका आलेखाला दहा सेकंद लागतात आणि यंत्रं जवळून माहीत असलेला तंत्रज्ञ शेजारी बसवला तर शंभर आलेख एका दुपारी होतात. त्या दुपारी जे कळतं ते कुठलंही मॉडेल नंतर सांगत नाही.

इथपर्यंत जोड्या झाल्या. पण ‘अ’मुळे ‘ब’ आणि ‘ब’मुळे ‘क’ अशी साखळी असेल, तर जोड्यांच्या हिशेबात ‘अ’ आणि ‘क’ थेट जोडलेल्या भासतात. सगळ्या घटना एकाच वेळी विचारात घेणारं मॉडेल तेव्हा लागतं आणि त्यासाठी माझी पहिली पसंती हॉक्स प्रोसेसला आहे. ॲलन हॉक्स यांनी १९७१मध्ये ते मांडलं. कल्पना अशी की प्रत्येक घटनेला स्वतःचा एक मूळ दर असतो आणि घडलेली प्रत्येक घटना काही काळापुरता स्वतःच्या प्रकाराचा आणि इतरांचा दर वाढवते. ती वाढ हळूहळू ओसरते. भूकंपांच्या अभ्यासात हे अगदी नैसर्गिकपणे बसलं. मोठ्या धक्क्यानंतरच्या लहान धक्क्यांचा दर वेळेच्या साधारण व्यस्त प्रमाणात उतरतो, हे जपानचे फुसाकिची ओमोरी यांनी १८९४मध्येच दाखवलं होतं. योसिहिको ओगाता यांनी १९८८मध्ये तो नियम हॉक्सच्या चौकटीत बसवला आणि भूकंपांच्या सांख्यिकी अंदाजात ते मॉडेल आजही वापरात आहे.

हॉक्समधून मिळणारा एक आकडा मला फार मोलाचा वाटतो: एक ‘अ’ सरासरी किती ‘क’ना थेट जन्म देते. हा आकडा यंत्र चालवणाऱ्या माणसाला समजतो, त्यावर वाद घालता येतो आणि तो चुकीचा असेल तर तो माणूस लगेच सांगतो. एकाच प्रकारापुरतं बोलायचं तर हा आकडा एकच्या खाली असला पाहिजे, नाहीतर मॉडेलच्या हिशेबाने घटनांची साखळी कधी थांबणारच नाही.

त्याच्या अडचणीही सांगतो. तीनशे प्रकार म्हणजे नव्वद हजार आकडे शिकायचे. तेवढा डेटा जवळपास कोणाकडेच नसतो. म्हणून बहुतेक आकडे शून्यावर ढकलणारा दंड लावावा लागतो, किंवा आधीच्या चाळणीतून वाचलेल्या जोड्याच मॉडेलमध्ये द्याव्या लागतात. मूळ दर स्थिर ठेवलात तर रोजचा चढउतार मॉडेल घटनांच्या परस्पर प्रभावावर लादतं. तेव्हा मूळ दराला तास आणि वार जरूर जोडा. आणि मूळ स्वरूपातलं हॉक्स फक्त दर वाढवणं जाणतं. यंत्र रीस्टार्ट केल्यावर बिघाडाचा दर कमी होतो, हे त्याला मांडताच येत नाही. होंगयुआन मेई आणि जेसन आइस्नर यांचं २०१७चं न्यूरल हॉक्स ही उणीव भरून काढतं, आणि २०२०मध्ये ट्रान्सफॉर्मरवर आधारलेली आवृत्तीही आली.

क्लाइव्ह ग्रेंजर यांची १९६९ची कसोटी याच कुळातली आहे: ‘क’चा स्वतःचा भूतकाळ माहीत असतानाही ‘अ’चा भूतकाळ जोडल्याने अंदाज सुधारतो का? कसोटी उत्तम आहे, पण ती अंदाजाबद्दल बोलते, कारणाबद्दल नाही. खोलीतला एसी बंद पडला आणि त्यामुळे आधी तापमानाचा इशारा आला, मग डिस्क बिघडली, तर इशारा कसोटीत पास होईल. इशारा बंद करून डिस्क वाचणार नाही. कारण ठरवायला कुठेतरी मुद्दाम बदल करून बघावाच लागतो.

आता बिघाडाच्या अंदाजाकडे. ‘बिघाड होईल का’ हा प्रश्न मॉडेलला विचारता येत नाही, त्याला वेळ जोडावी लागते. असं मांडा: दर १० मिनिटांनी, त्या क्षणापर्यंतचंच सगळं बघून, आतापासून अर्ध्या तासानंतर ते सहा तासांच्या आत बिघाड होण्याची शक्यता किती? मधला अर्धा तास मुद्दाम सोडला आहे. तुमच्या माणसाला हालचाल करायला तेवढा वेळ लागतो, आणि बिघाड सुरू झाल्यावर उमटणाऱ्या लक्षणांवरून बिघाड ‘ओळखण्याची’ फुकटची हुशारीही त्यामुळे मॉडेलला करता येत नाही. मग प्रत्येक प्रकारच्या घटना गेल्या दहा मिनिटांत, तासात, दिवसात किती झाल्या आणि शेवटची होऊन किती वेळ झाला, हे रकाने करा. त्यावर आधी लॉजिस्टिक रिग्रेशन (रकान्यांना वजनं देऊन शक्यता काढणारं साधं मॉडेल), मग ग्रेडियंट बूस्टिंग (अनेक छोटे निर्णयवृक्ष एकामागोमाग जोडणारं). बहुतेक ठिकाणी गाडी इथेच मुक्कामाला पोहोचते.

अचूकता तपासताना डेटा वेळेनुसार तोडा: आधीचे महिने शिकायला, नंतरचे तपासायला आणि मध्ये काही दिवसांची मोकळी जागा. चिठ्ठ्या टाकून तोडलात तर एकाच बिघाडाआधीचे दहा क्षण दोन्ही बाजूंना विखुरतात, मॉडेल तो बिघाड पाठ करतं आणि कागदावरचा निकाल डोळे दिपवतो. यासारखा फसवा निकाल दुसरा नाही.

आणि दुर्मीळ घटनेचं गणित कधीही विसरू नका. समजा, वर्षाला ४० बिघाड होतात. दर १० मिनिटांनी निर्णय घेतला तर वर्षात ५२,५६० निर्णय होतात. मॉडेल ८० टक्के बिघाड आधी ओळखतं आणि फक्त १ टक्का वेळा खोटा इशारा देतं, असं ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात ३२ खरे इशारे आणि ५२५च्या आसपास खोटे. शंभरातले सहासुद्धा खरे नाहीत. महिन्याभरात लोक ते इशारे बघणं सोडून देतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. म्हणून ‘अचूकता ९९ टक्के’ असं कोणी सांगितलं तर तो आकडा बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा: दर आठवड्याला किती खोटे इशारे, आणि किती बिघाड किती आधी कळले. मॉडेल ‘३० टक्के शक्यता’ म्हणतं तेव्हा खरोखर दहातल्या तीन वेळा बिघाड होतो का, हेही तपासा. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५०मध्ये दिलेला गुणांक त्यासाठी आजही उत्तम आहे.

बिघाड ‘किती दिवसांनी’ होईल असा प्रश्न असेल तर सर्व्हायव्हल ॲनालिसिस, म्हणजे एखादी घटना घडेपर्यंतच्या काळाचं सांख्यिकी विश्लेषण, वापरा. डेव्हिड कॉक्स यांचं १९७२चं मॉडेल सुरुवातीला पुरेसं आहे. अजून न बिघडलेली यंत्रंही त्यात हिशेबात येतात. साध्या रिग्रेशनमध्ये ती गळून जातात आणि मग यंत्रांचं आयुष्य आहे त्यापेक्षा कमी दिसतं.

मग एलएसटीएम केव्हा? लॉग एखाद्या ठरावीक कार्यपद्धतीतून निघत असेल, म्हणजे ‘आधी हे, मग ते, मग तिसरं’ असा पक्का क्रम असेल तेव्हा. लॉगमधल्या विचित्र ओळी शोधणारं २०१७चं डीपलॉग हे मॉडेल याच पायावर उभं आहे: पुढची ओळ कुठली असेल याचे काही संभाव्य पर्याय काढायचे आणि प्रत्यक्ष ओळ त्यात नसेल तर ती विचित्र समजायची. क्रम पक्का असेल तिथे ते छान चालतं. ट्रान्सफॉर्मरला लांबचे दुवे पकडता येतात, पण त्यासाठी भरपूर आणि लांब क्रम हवेत. वर्षाला ४० बिघाडांवर दोन्हींपैकी काहीही शिकवू नका. आणि वापरलंत तर त्याची तुलना दोन साध्या अंदाजांशी करा: फक्त मूळ दर सांगणारा अंदाज, आणि फक्त शेवटची घटना बघणारी मार्कोव्ह साखळी. यांना मागे टाकता येत नसेल तर ते मॉडेल पुढे नेऊ नका.

प्रश्नात नसलेली पण हमखास येणारी एक अडचण अजून सांगायची आहे. इशारे चालू झाले की माणसं त्यावर कृती करतील, आणि कृतीमुळे बिघाड टळला तर नोंदीत तो ‘खोटा इशारा’ म्हणून जाईल. सहा महिन्यांनी त्याच नोंदींवर मॉडेल पुन्हा शिकवलंत, तर ते आपले सगळ्यात चांगले इशारे चुकीचे म्हणून विसरेल. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक इशाऱ्यापुढे कोणी, केव्हा, काय केलं हे लिहून ठेवायची सोय करा. नुकसान किरकोळ असेल अशा यंत्रांवर काही इशारे चिठ्ठी टाकून निवडा आणि ते कोणालाही दाखवू नका. दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या इशाऱ्यांनंतर बिघाड किती झाले यातला फरक म्हणजे तुमच्या इशाऱ्यांचा खरा उपयोग. आणि अगदी सुरुवातीला सांगितलेला तिसऱ्या प्रकारचा संबंध तुमच्या डेटात तपासता येईल तो इथेच.